खजूर घातलेली चाय

आमच्याकडे पंगतीतून मधेच उठायचं नसतं. वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी भाताला हात लावायचा नाही, आणि तो उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पोटात कळ येवो की गोठ्यातली गाय सुटो, बसायचं म्हणजे बसायचं. माझे सासरे ही रीत सगळ्यांत कडक पाळणारे. आणि त्यांनीच एकदा भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर, पहिल्या पानावरून उठून पंगत मोडली. वाडीतली माणसं कित्येक वर्षं त्याबद्दल बोलत होती. बोलेनात का! मी तिथे होते, आणि ते का उठले ते मला ठाऊक आहे.

ते जेवण माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचं होतं. दीर बोटीवर कूक. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं ती, आमच्या मालवण पट्ट्यातल्या दर दोन घरांमागे एक माणूस बोटीवर किंवा मुंबईत असायचा. भावजींची बोट मुंबईला लागली असताना त्यांची दाढ दुखायला लागली. कोणीतरी माझगावातल्या दातांच्या एका चिनी डॉक्टरकडे पाठवलं. दाढ तिथे राहिली ती राहिलीच, वर हे महाशय काळीजही ठेवून आले. डॉक्टरची मुलगी दवाखान्यात बापाच्या हाताखाली काम करायची, तिच्यापाशी.

मुलगी माझगावातच जन्मलेली. शेजारपाजार सगळा आपल्याकडचा, त्यामुळे मराठी बोलायची, मोडकंतोडकं पण न लाजता. लग्न मुंबईत कचेरीत सह्या करून झालं. बापाला ते मान्य नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला ती जेवणाच्या दिवशी उशिरा कळली, तुम्हांला तरी वेळेवर कळू दे. त्यांच्यात लग्न म्हणजे सप्तपदी नाही, अंतरपाट नाही. नवरी वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकते आणि दोन्ही हातांनी चायचा कप पुढे करते. गोड चाय, बिनदुधाची, तिच्यात लाल खजूर. वडीलधाऱ्यांनी ती प्यायली की सून झाली, जावई झाला. मग मोठी जेवणावळ, गोल टेबलं, एकामागून एक ताटं, शेवटी डोक्याशेपटासकट अख्खा मासा. पण ते सगळं नंतर. चाय प्याल्याशिवाय लग्न लागलंच नाही असं समजायचं.

सह्या केल्या त्या दिवशी सकाळी दोघं चाय घेऊन बापासमोर बसली होती. बाप भिंतीकडे बघत राहिला. चाय गार झाली, तेव्हा भावजींनी तिला हाताला धरून उठवलं.

यातलं आम्हांला काय ठाऊक! आम्हांला एवढंच ठाऊक की आगबोटीतून उतरून पडावात बसून मालवणच्या धक्क्यावर एक गोरी, बारीक, लाल पातळ नेसलेली मुलगी आली आणि वाडी लोटली बघायला. मी पुढे होऊन तिच्या हातातली ट्रंक घेतली. तिने ओणवून माझ्या पायांना हात लावला. भावजींनी बोटीवर पढवून आणलं असणार.

माझं माहेर कट्टा गावचं. आमच्या घरी बायका तोंडाने जरा फाटक्याच, आणि मी त्यातली पहिली. सासूबाई जाऊन तीनेक वर्षं झाली होती, घरात बाईमाणूस मी एकटी. नवरा शाळामास्तर, चार शब्द बोलायचा तो शाळेत बोलून संपवून यायचा. खरं सांगते, जाऊ चिनी येते की जपानी, मला त्याचं काही नव्हतं. बोलायला माणूस आलं याचाच मला आनंद झाला.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, तसा आनंद झाला होता की नाही देव जाणे. ते बोलून दाखवणारे नव्हतेच. त्यांनी गुरवाला विचारलं, भटजींना विचारलं, आणि म्हणाले, "सत्यनारायण घालूया आणि भावकीक जेवण घालूया. चेडू घरात इला, ता लोकांका कळूक व्हया."

आदल्या दिवशी काळे वाटाणे निवडत बसलो असताना धाकटीने, म्हणजे या माझ्या नव्या जावेने, मला विचारलं, "वैनी, मासा कोण बनवणार?"

मी म्हटलं, "कसला मासा?"

"लग्नाच्या जेवणात मासा पाहिजे ना? पूर्ण. डोका पण."

मागे मामंजी सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. "सत्यनारायणाक मासो? खुळी काय गो तू?" पण ते हसत होते. ती पण हसली. मग तिने मला सांगितलं की अख्खा मासा ताटात कधी उलटा करायचा नाही. एक बाजू संपली की मधला काटा काढून खालची बाजू खायची. मासा उलटवला की दर्यात कोणाची तरी होडी उलटते. हे ऐकून मामंजींनी मान वर केली. "ह्या मातर बरोबर," म्हणाले. ज्याचा मुलगा दर्यावर आहे त्याला असलं बोलणं पटकन पटतं.

तिने निवडलेले वाटाणे सुपात सारले. मग म्हणाली, "वैनी, उद्या जेवणाच्या आधी मी दादांना चाय देणार. माझ्या हाताने." भावजी बापाला दादा म्हणायचे, म्हणून तीही.

मी म्हटलं, "दे की. त्यात विचारायचं काय?" सून सासऱ्याला चहा देते, यात मला नवल ते काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. अंगणात मांडव, पानं मांडलेली, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, शेवयांची खीर, सोलकढीचं मोठं पातेलं. भावकीतले पुरुष धुतलेली धोतरं नेसून जमायला लागले तशी धाकटीने माझा पदर ओढला. "वैनी, कोण मेला?" त्यांच्यात पांढरं सुतकात घालतात. मी म्हटलं, "अजून कोण नाय, पण जेवणाक उशीर झालो तर बरेच जण मरतले."

मग ती चाय घेऊन आली. मुंबईहून ट्रंकेतून जपून आणलेले बिनकानाचे लाल कप, त्यात काळी चाय, तळाशी खजूर. मामंजी पडवीत चुलत सासऱ्यांशी बोलत बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली, मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी कप पुढे केला.

मामंजी म्हणाले, "नको गो बाय, आत्ताच झाली."

आता आमच्याकडची ही दुसरी रीत. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणतो तो अधाशी. भल्या माणसाने आधी नको म्हणायचं. मग देणाऱ्याने म्हणायचं, "घेवा हो, घोटभर." त्याने पुन्हा नको म्हणायचं. मग देणाऱ्याने जरा रागवायचं, "माझ्या हातची नको काय?" तेव्हा तो म्हणणार, "बरा, तू म्हणतंस तर," आणि कप तोंडाला लावणार. मामंजींचं नको तर अख्ख्या वाडीला पाठ. मी पहिल्या नकोवर कप परत नेला असता तर त्या माणसाला जन्मात चहा मिळाला नसता.

धाकटीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग कप हळूच ताटात ठेवला आणि ताट उचलून आत गेली.

मामंजींनी चुलत सासऱ्यांकडे बघितलं. पुढचं "घेवा" येईल म्हणून ते वाट बघत होते. ते आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं असेल, मुंबईची पोर, तिला आग्रह ठाऊक नाही. एवढ्यात पानं वाढायची हाक आली, भावजी मागच्या चुलीपाशी वड्यांत अडकलेले, मी भाताचं ताट घेतलेलं. कोणाच्या लक्षात येणार!

लक्षात आलं ते तुपाच्या वेळी. नवरीने पंगतीला तूप वाढायचं असतं. तूप आलं, नवरी नाही. मी तुपाची वाटी भावकीतल्या एकीच्या हातात दिली, म्हटलं तू वाढ, आणि आत धावले. मामंजींनी पहिला घास घेतला, पंगत सुरू झाली.

धाकटी आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसली होती. कप एकेक करून फडक्यात गुंडाळत होती. एकच भरलेला कप खिडकीत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

"वैनी, बोट कधी जाते?"

"बोट? अगो पानं वाढली, नि बोट कसली?"

मग तिने सांगितलं. माझगावची सकाळ, बाप, भिंत, गार झालेली चाय. तोवर मी हे ऐकलंच नव्हतं. शेवटी म्हणाली, "तिकडे नको. इकडे पण नको. मंग माझं लग्न झालं कुठे?"

 हसूही येत होतं नि रडूही. मी तिला सांगायला लागले की अगो बये, आमच्यात नको म्हणजे हो, दोनदा नको म्हणतात, तू घाई केलीस. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको म्हणजे हो? असं कुठे असते, वैनी?" तिला वाटलं मी समजूत घालते. मला तिचा राग आला, मामंजींचा आला, भावजींचा तर फारच आला. बायकोच्या घरची एवढी मोठी रीत, ती बापाला सांगायची सोडून हा माणूस वडे तळत बसला होता!

मी तशीच पंगतीत गेले. बाईमाणसाने, त्यातून सुनेने, जेवत्या सासऱ्याजवळ जाऊन वाकून बोलायचं म्हणजे त्या काळी अब्रह्मण्यम्. गेले. कानाशी लागून सगळं सांगितलं. मामंजींच्या हातात भाताचा घास होता. तो त्यांनी पानावर परत ठेवला.

"खंय आसा ती?"

"आत. ट्रंक भरता."

ते पानाकडे बघत राहिले. भात, वरण, तूप, सांबारं, खिरीची वाटी. पुढे बसलेली भावकी. जन्मभर पाळलेली रीत होती ती, आणि मी बघत होते, ती मोडणं त्यांना किती जड जातंय. मग त्यांनी पानाला हात जोडले आणि उभे राहिले.

सगळी पंगत थांबली. कोणाचा घास तोंडात, कोणाचा हातात. चुलत सासरे ओरडले, "दादा, पंगत मोडतास? आमचो अपमान करूक बोलवलास?"

"तुमी जेवा. तुमका माझी शपथ आसा. माझ्या घरातला माणूस भायर पडूक बघता, आणि मी हय भात जेवू?"

शपथ घातली तरी अर्धी माणसं उठली. अर्धी बसली, पण घास घेईनात. बायकांमधली एक काकी म्हणाली, "नकटीच्या लग्नाक सतराशे विघ्ना म्हणतत, ता काय खोटा नाय." त्यातलं 'नकटी' ती जरा जोरातच म्हणाली. मी म्हटलं, "काकी, खीर वाढलेली आसा, ती आधी गिळा. तेवढो येळ तरी तोंड बंद रवतला." आणि मामंजींच्या मागे धावले.

त्यांनी हात धुतले, खोलीच्या दारात उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही, सुनेची खोली म्हणून.

"चेडवा, ती तुझी चाय खंय आसा? माका व्हयी."

ती उठून उभी राहिली. "थंड झाली."

"थंड तर थंड. हाड."

तिने खिडकीतला कप घेतला, उंबऱ्याशी येऊन पुन्हा गुडघे टेकले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मामंजी आयुष्यभर चहा बशीतून प्याले, पण त्या कपाला बशी नव्हती. ओठ लावून सगळी प्याले, खजूरसुद्धा चावून खाल्ला. मग म्हणाले, "माका वाटला, तू काढो दितंस. म्हटला, मी काय आजारी आसंय?"

आता ती रडली. रडली म्हणजे काय, मला धरावं लागलं.

मामंजी अवघडले. रडत्या बाईचं काय करायचं हे त्यांना कधीच कळलं नाही. मला विचारलं, "ह्यांच्यात चाय घेतली की काय तरी देतत?" मी म्हटलं, देत असतील. त्यांनी कमरेला चाचपून बघितलं, पंचाशिवाय काही नव्हतं. मग खिडकीतून बाहेर विहिरीकडे बोट केलं. "ती बाव दिसता? तिच्याकडचो माड तुझो. माझ्या मागसून पण तुझोच."

त्या दिवशी खीर उरली, सांबारं उरलं, कावळे आणि गुरं जेवली. चुलत सासरे मागल्या दाराने गेले ते चार वर्षं आमच्या उंबऱ्यात आले नाहीत. मामंजींना ते लागलं. सणावाराला त्यांची नजर बेड्याकडे जायची, फाटकात भाऊ दिसतो का म्हणून. पण त्यांनी त्या उठण्याबद्दल कधी हळहळ केली नाही. धाकटीने दुसऱ्या दिवशी अख्खा पापलेट वाफवून आणला, आलं नि कांद्याची पात घालून. मामंजींनी तो न उलटवता खाल्ला आणि "वायच तिखट व्हया होता" एवढंच म्हणाले.

एक मात्र झालं. जगाला नको म्हणायची त्यांची सवय मरेपर्यंत गेली नाही, पण धाकटीने काही पुढे केलं की दोन्ही हात आधी पुढे. पोट भरलेलं असो, ताप असो. मी चिडवायची, "मामानू, माझ्या हातच्याक नको, नि तिच्या हातच्याक हो?" ते म्हणायचे, "तू काय ट्रंक भरणारी न्हय."

मग ती चीनशी लढाई झाली. आमच्याकडे तिची झळ अशी नाही, एक पोलीस दोनदा येऊन चौकशी करून गेला. मामंजींनी त्याला सांगितलं, "हयसर चिनी कोण नाय. ती माझी सून." पण मुंबईत तिच्या बापाला चौकीत हजेरी द्यावी लागे, दवाखान्यात माणूस फिरकेना. रात्री ती माझ्याशी बापाबद्दल बोलायची. आता तिला दोन मुलं होती, मालवणी माझ्यापेक्षा फर्डं बोलायची, भाऊबीज, गणपती, सगळं तिचं झालं होतं. तरी मधेच म्हणायची, "तो कप तसोच रवलो, वयनीनू."

लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी भावजी सुट्टीवर आले, ते एकटे नव्हते. सोबत एक वाळका म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात चामड्याची पिशवी. दवाखाना बंद झाला होता. भावजींनी माझगावात जाऊन त्याला काय सांगितलं आणि कसं आणलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना वड्यांची चूक माफ केली.

म्हातारा पडवीत बसला. मुलीकडे बघेना, नातवंडांकडे मात्र चोरून बघत होता. मामंजी आता बरेच थकले होते, तोंडात दात उरला नव्हता, नाहीतर व्याह्यांना निदान काम तरी मिळालं असतं. ते काठी टेकत आले आणि शेजारी बसले. एकाला दवाखान्यापुरतं हिंदी, दुसऱ्याला मालवणीशिवाय काही नाही.

धाकटी आतून आली. तेच लाल कप, दोन. नवरा-बायको दोघं गुडघे टेकून बसली, आणि तिने कप बापापुढे धरला. चाय हिंदकळून ताटात सांडत होती.

म्हातारा भिंतीकडे बघत होता.

मी दारात उभी.  आता हा नको म्हणाला तर आमच्याकडचं नको नव्हे ते.

मामंजींनी हात पुढे केले. दुसरा कप स्वतःच उचलला, दोन्ही हातांनी, आणि घटाघटा पिऊन टाकला. रिकामा कप व्याह्यांच्या डोळ्यांपुढे धरला. मग तिच्या हातातल्या कपाकडे मान हलवून म्हणाले, "घेवा, व्याहीनू. गार होता."

म्हाताऱ्याला शब्द कळले नसतील. त्याने मामंजींकडे बघितलं, रिकाम्या कपाकडे बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मुलीच्या हातातून कप घेतला.  सगळी चाय प्याला.

 भावजी डोळे पुसत बाहेर गेले. धाकटी कप घेऊन आत आली, आणि चुलीपाशी माझ्या शेजारी फतकल मारून बसली. तिची थोरली मुलगी तिथेच पाटीवर अक्षरं गिरवत होती.

"वयनीनू," ती म्हणाली, "आज माझा लगीन लागला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "गप गो. चेडू आयकता, उद्या शाळेत सांगतला."